अजून नक्की नाही

सरांच्या घरातला फ्रिज उघडायचा तर आधी काकूंना विचारायचं, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मी ऐकलं आणि विसरले. डोंबिवलीत मानपाडा रोडवर त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतलेली. लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमासाठी संगमेश्वराकडून आलेले, वय एकोणीस, आणि भूक चोवीस तास. दुपारी सामसूम बघून मी हळूच फ्रिजमधून श्रीखंडाचा डबा काढला. झाकणावर चिकटवलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, 'अजून नक्की नाही'. मला वाटलं, आंबट झालंय की काय ते नक्की नसेल. म्हटलं, चाखून बघू. झाकण काढलं तर आत हिरवट-करडी, मऊ, केसाळ लव. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

सर आतून धावत आले. मला वाटलं, मला काय झालं ते बघायला येतायत.

"झाकण लाव! झाकण लाव आधी! तिला वारा लागेल!"

ही आमची पहिली नीट भेट. सर कॉलेजात बॉटनी शिकवून निवृत्त झालेले आणि त्यांचं सगळं आयुष्य बुरशीत गेलेलं. हे वाक्य माझं नाही, काकूंचं आहे. भिंतीवरची बुरशी, पावावरची बुरशी, ओंडक्यावरच्या छत्र्या, रानातली अळंबी, जे मिळेल ते सर घरी आणायचे, भिंगाखाली धरायचे, वहीत चित्र काढायचे आणि ही कोणत्या घराण्यातली, कोणाची चुलत, कोणाची मावस, हे ठरवत बसायचे. ठरवत बसायचे म्हणजे बसायचेच. घरात दीडशे-दोनशे डबे, पाकिटं, बाटल्या असतील, आणि प्रत्येकावर तेच, 'अजून नक्की नाही'.

काकूंनी यावर आपला उपाय काढलेला. त्यांच्या डब्यांवर ठसठशीत अक्षरात 'नक्की' लिहिलेलं असायचं. 'नक्की – मेतकूट'. 'नक्की – साय'. 'नक्की – कालची आमटी'. फ्रिजचे वरचे दोन कप्पे सरांचे, खालचे दोन काकूंचे, आणि मधे भाजीच्या ट्रेवरून कायम तंटा. मी त्या घरात तीन वर्षं राहिले. 'नक्की' बघितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, एवढं मात्र अंगात भिनलं. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्या दिवशी डबा पुढे केला तर मी आधी झाकणावर वाचायला गेलेले.

सरांना कुणीही काहीही विचारा, ते आधी मान तिरकी करायचे. मग चष्मा वर. मग "अं..." आणि मग ठरलेलं उत्तर. एकदा समोरच्या ब्लॉकमधल्या मावशींनी विचारलं, "सर, मशरूम शाकाहारी की हो? चतुर्थीला चालेल का?" झालं. सरांनी त्यांना सोफ्यावर बसवलं. म्हणाले, "बुरशी ही वनस्पती नव्हे. तिला मुळं नाहीत, पानं नाहीत, ती स्वतःचं अन्न करत नाही. जनुकं तपासली तर झाडांपेक्षा ती आपल्याला जवळची निघते. चुलत घराण्यातली म्हणा ना. तेव्हा चतुर्थीला चुलत भाऊ चालतो की नाही, हे अजून नक्की नाही."

मावशी उठून गेल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये पुढे दोन महिने कुणी मशरूम आणलं नाही. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमच्याच चुलत घराण्यातली असणार ती. आमच्या माहेरी असलं काही नव्हतं."

दुसरं एक प्रकरण लग्नपत्रिकांचं. अळंबीची टोपी कागदावर पालथी घालून ठेवली की एक-दोन दिवसांत तिच्यातली भुकटी खाली पडते आणि कागदावर सुंदर ठसा उमटतो. कुणाचा पांढरा, कुणाचा तपकिरी, कुणाचा गुलाबी. त्या रंगावरून घराणं कळतं. सरांना त्यासाठी जाड कागद लागायचा, आणि घरात जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. काकूंच्या भाचीच्या लग्नाला आम्ही तिघं नटूनथटून कल्याणला निघालो, रिक्षात बसलो, काकूंनी पत्रिका उघडली, तर कार्यालयाच्या नावावर हा एवढा चॉकलेटी ठसा. वाचता येत होतं फक्त 'मंगल'. कल्याणमधली तीन मंगल कार्यालयं हिंडून आम्ही चौथ्यात पोचलो तेव्हा पंगत उठत होती. आणि सर काय म्हणाले असतील? "पण ठसा बघितलास? कडा कशी रेखीव आलीय!" काकू रिक्षात एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की सर घाबरत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्वतः भाजीचा ट्रे रिकामा करून दिला.

पण सगळ्यात मजा आली ती बिल्डिंगला ओल आली तेव्हा. तीन मजल्यांच्या भिंती पाण्याने फुगलेल्या, लोक हैराण. सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली आणि सरांना म्हणाले, "सर, तुम्ही त्यातले तज्ज्ञ. प्रत्येक घरात चला, भिंती बघा आणि बुरशीने तब्येतीला किती धोका आहे ते लिहून द्या. बिल्डरच्या तोंडावर मारतो कागद." सर भिंग घेऊन निघाले. मी वही घेऊन मागे. पहिल्या घरात सर खूश. दुसऱ्यात फारच खूश. दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसले आणि उठेचनात. घरातल्या बाई घाबरून म्हणाल्या, "फार वाईट आहे का हो?"

"वाईट? अहो, ही मी पंधरा वर्षांनी बघतोय! तुम्ही एक कराल का? पंधरा दिवस रंग देऊ नका. आणि खिडकी शक्यतो बंद ठेवा."

सेक्रेटरींना जो कागद मिळाला त्यात अकरा प्रकारच्या बुरशीची चित्रं होती, धोक्याबद्दल एक ओळ होती, आणि ती कोणती ते मी सांगायला नको. सेक्रेटरी पुढे जिन्यात सर दिसले की परत वर जायचे.

हे सगळं सांगून लोकांना हसवते मी, आणि हसतातही. पण एकदा मीच वैतागून विचारलेलं, "सर, चाळीस वर्षं बघताय, एकाही डब्यावर नाव लिहावंसं वाटत नाही? भीती वाटते की काय?"

सर हसले. म्हणाले, "वाटते की." आणि सांगितलं.

नवीन नोकरी लागलेली तेव्हाची गोष्ट. कॉलेजातल्या शिपायाने रानातून अळंबी आणलेली. विचारलं, "सर, खायची का?" सरांनी चालता चालता एक नजर टाकली आणि म्हणाले, "खा, खा. नक्की चांगली आहे." शिपायाच्या घरातली चौघं रात्रीतून उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. तीन दिवस सर इस्पितळाच्या बाकावर बसून होते. चौघं वाचली. बरा होऊन आल्यावर शिपाई एवढंच म्हणाला, "सर, पुढच्या टायमाला पहिला घास तुम्ही घ्या." आणि दोघांची दोस्ती झाली ती कायमची.

"तो हसला म्हणून मी सुटलो," सर म्हणाले. "पण एकदा बघणं म्हणजे बघणं नव्हे, हे तेव्हा कळलं. दोन सारख्या दिसणाऱ्या अळंब्यांतली एक जेवण असते आणि दुसरी तिरडी."

पावसाळ्यात रविवारी सर मला मलंगगडाच्या पायथ्याशी घेऊन जायचे. कुजलेल्या पानांच्या थरात तांदळाच्या कणीएवढ्या छत्र्या असतात. मी बघून बघून थकायचे, मला काही दिसायचं नाही. सर म्हणायचे, "डोळे मीट आणि बोटांनी शोध. डोळ्याला ओळखीचंच दिसतं. बोटाला वेगळं असेल ते लागतं." मी चिखलात मांडी घालून, डोळे मिटून, पानं चाचपत बसायचे. येणारे-जाणारे समजायचे, बाईचं मंगळसूत्र हरवलं. माझं लग्नही झालेलं नव्हतं. पण खरंच, हळूहळू लागायला लागलं. मऊ चिखलात काहीतरी किंचित घट्ट, किंचित गोल. "सर, आहे!" म्हटलं की सर लहान मुलासारखे उड्या मारत यायचे.

पुढे मला घोडबंदर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, तिकडेच एकोणिसाव्या मजल्यावर घर झालं. सर-काकू वास्तुशांतीला आलेले. ट्रॅफिकमध्ये अडीच तास घालवून आले आणि सरांनी घरभर फिरून मान हलवली. "इथं काहीच उगवत नाही गं. राहवतं कसं तुला?" मग बाथरूमच्या दाराखालच्या चौकटीत त्यांना काहीतरी सापडलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. जेवताना मला म्हणाले, "घर चांगलं आहे."

त्यानंतर काही वर्षांनी सरांचं वजन उतरायला लागलं. रक्त फार कमी निघालं, तपासण्या झाल्या आणि कळलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ठाण्यात ऑपरेशन झालं आणि काढलेला आतड्याचा तुकडा तपासायला आला आमच्याच लॅबमध्ये. सकाळी टेबलावर ओळीने डबे मांडलेले असतात, त्यातल्या एकावर सरांचं नाव. इतकी वर्षं मी त्यांचे डबे उघडत आले होते. हा उघडण्याआधी झाकणावरचं नाव मी दोनदा वाचलं.

आता एवढं सांगायला हवं. आतड्याभोवती पिवळी चरबी असते आणि त्या चरबीत बारीक बारीक ग्रंथी लपलेल्या असतात. कॅन्सर पसरायला निघाला की आधी त्या ग्रंथींत शिरतो. म्हणून त्या शोधून काढायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. सगळ्या स्वच्छ, तर बहुतेक वेळा ऑपरेशनवर भागतं. एखादीत जरी सापडला, तरी पुढची औषधं घ्यावी लागतात. किमान डझनभर तरी बघाव्यात असा आमच्याकडे दंडक. पण चरबी कधी अशी असते की हाताला लागतच नाहीत. सरांच्या सातच सापडल्या. सातही स्वच्छ. आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलं, सातच मिळाल्या म्हणून.

मी संध्याकाळी डोंबिवलीला गेले तेव्हा काकूंनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेले. सेक्रेटरीसुद्धा येऊन हात जोडून गेलेले. सर खुर्चीत बसून रिपोर्ट वाचत होते. मान तिरकी झाली. चष्मा वर गेला.

"सातच?"

"सातही स्वच्छ आहेत सर."

"एका झाडाखालच्या सात छत्र्या बघायच्या आणि म्हणायचं, अख्ख्या रानात विषारी नाही? अं... अजून नक्की नाही."

काकूंनी पेढ्यांचा पुडा टेबलावर आपटला. "आयुष्यभर माझा फ्रिज अडवलात, मी बोलले नाही. भाचीच्या लग्नात मला उष्ट्या पंगतीत नेलंत, बोलले नाही. पण आज देवापुढे साखर ठेवलीय मी. आज तरी, एकदा तरी, हो म्हणा ना हो!"

सरांनी रिपोर्टची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "तुझ्यासाठी म्हणतो. पण मग हिला एकदा परत शोधू दे."

खरं सांगू? मी काकूंच्या बाजूची होते. मला वाटत होतं, नका उकरू. स्वच्छ म्हणालेत ना, राहू दे. चांगली बातमी हातात असताना तिच्यात बोट घालायचं, याला काय अर्थ आहे? पण सर माझ्याकडे असे बघत होते जसे मलंगगडाच्या पायथ्याशी बघायचे, की ही शोधेल. मी म्हटलं, "बघते."

मॅडम ऐकून म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. घे काढून. मी बसते बरोबर." उरलेली चरबी अजून होती. मी हातमोजे घातले. चांगला अर्धा तास बघत होते, काही दिसेना. सगळंच पिवळं. मग मी डोळे मिटले. मॅडम म्हणाल्या, "झोपतेस का काय?" म्हटलं, "नाही मॅडम. आमच्या सरांची पद्धत आहे." बोटांच्या चिमटीत थोडी थोडी चरबी घेऊन चाचपत गेले. मनात एकीकडे 'सापडू दे', दुसरीकडे 'देवा, काही निघू नको'. आणि लागली. किंचित घट्ट, किंचित गोल. मग दुसरी. दुपारपर्यंत आठ निघाल्या. शेवटची तर कणीएवढी, शिरेला चिकटलेली.

त्यांचे काप काढून काचा तयार व्हायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी हाक मारली आणि सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीशी मला बसवलं. "शेवटची बघ." गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांत, कडेला, नको ते होतं. ओळखायला एकच नजर पुरली. तरी मी तीनदा बघितलं. पंधरापैकी एक. मॅडमनी ऑपरेशनच्या डॉक्टरांना कळवलं आणि मला म्हणाल्या, "घरी तू जा."

दारातच सरांना कळलं. माझा चेहरा मला कधी लपवता आलेला नाही.

"सापडली?"

मी मान डोलावली.

"कुठं होती?"

"शिरेला चिकटून. कणीएवढी."

"डोळे मिटून शोधलीस?"

"हो."

"शाब्बास!" सर टाके विसरून खुर्चीतून उठले. "शाब्बास! मी म्हणत नव्हतो? अगं, ऐकलंस का, हिने कणीएवढी शोधली!"

"अहो, शाब्बास काय!" काकू ओरडल्या. "पोटातली आहे ती तुमच्या!"

"होती! पोटात होती. आता काचेवर आहे. काचेवर आली की तिचं औषध असतं. पोटात बिननावाची राहिली असती तर?"

मी रडायला लागले. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं त्या दारातच बाहेर आलं. सर माझ्या डोक्यावर थोपटत होते आणि वर विचारत होते की ती काच बघायला मिळेल का.

काकू आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पाच मिनिटांनी हातात पेन आणि चिकटवायचा कागद घेऊन आल्या. इस्पितळाची फाइल मांडीवर घेतली. आतून त्यांनी डॉक्टरांना फोन लावलेला, ते म्हणालेले, आता औषधं घ्यायची, पुढचं आत्ताच काही म्हणता येणार नाही. काकूंनी आपल्या ठसठशीत अक्षरात फाइलवर लिहिलं, 'अजून नक्की नाही'. आणि कागद अंगठ्याने घट्ट दाबून बसवला. उभा जन्म त्या ज्या तीन शब्दांना शिव्या घालत आल्या, ते त्या दिवशी त्यांनी आधारासारखे धरले. मला तिथं फार वेळ थांबवेना.

औषधाचं एक निघालं भलतंच. त्याने बोटांना थंड सहन होत नाही. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या. म्हणजे सरांना फ्रिजबंदी! सहा महिने वरच्या दोन कप्प्यांचं सगळं काकूंनी केलं. मी गेले की ऐकायला यायचं, आत काकू डबा उघडून उभ्या आणि बाहेरून सर, "रंग कसा आहे?" "शेवाळी." "शेवाळी की पोपटी?" "अहो, उन्हात वाळलेल्या पोपटासारखा!" "कडेला लव आहे?" "आहे. कालच्यापेक्षा जास्त." सर लिहून घ्यायचे. पुढे पुढे काकू न विचारता सांगायला लागल्या. एकदा तर फोनवर मला म्हणाल्या, "अगं, ती तिसऱ्या डब्यातली आहे ना, ती ह्यांना वाटते तशी नाहीये. मी रोज बघते ना." सर मागून ओरडले, "बरोबर म्हणतेय ती!"

मग तपासण्या, दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षाने. प्रत्येक वेळी ती फाइल त्या चिठ्ठीसकट जायची आणि यायची. गेल्या महिन्यात पाच वर्षं झाली. मीही बरोबर गेलेले. डॉक्टरांनी सगळे कागद बघितले आणि फाइल मिटून म्हणाले, "सर, आता माझ्याकडे यायची गरज नाही."

सरांची मान तिरकी झाली. चष्मा वर गेला.

"अं... नक्की?"

डॉक्टर त्यांना चांगले ओळखून होते. ते हसले, पुढे झुकले आणि म्हणाले, "नक्की."

सर रुमाल काढून चष्मा पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले. काकूंनी त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि त्यांच्या नाकावर बसवला.

परवाच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. दुपारची वेळ, काकू समोरच्या मावशींकडे, सर गॅलरीत. भूक लागलेली. सवयीने फ्रिज उघडला. श्रीखंडाचे दोन डबे शेजारी शेजारी. एकावर काकूंचं ठसठशीत अक्षर, 'अजून नक्की नाही', कागद जुना, कोपरे मुडपलेले, फाइलवरून काढून आणलेला. दुसऱ्यावर मुंगीएवढ्या अक्षरात एकच शब्द. इतक्या वर्षांत त्या हाताने तो शब्द लिहिलेला मी बघितला नव्हता. दार उघडं टाकून मी तो परत परत वाचला.

"दार लाव गं, तिला वारा लागेल!" सर गॅलरीतून ओरडले. "आणि तुझा डबा माझ्या अक्षरातला. मी स्वतः आणलाय."

मी काकूंना न विचारता तो उघडला. श्रीखंडच होतं, वेलदोडा जरा जास्त पडलेलं. फ्रिजसमोरच उभी राहून मी अर्धा डबा संपवला.